वेगळ्याच ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या मशिनवर फाइल ट्रान्सफर कसं बसवायचं?

कुपवाड एमआयडीसीतलं तुमचं मशिन, बनवणाऱ्या कंपनीचीच ऑपरेटिंग सिस्टिम, हाताशी फक्त सिरियल पोर्ट आणि सी कंपायलर. मग कर्मिटच घ्या. कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये सुरू झालेला हा फाइल ट्रान्सफरचा प्रोटोकॉल (दोन मशिनांनी डेटा देण्याघेण्याचे ठरलेले नियम) अशाच अडचणींसाठी आहे. पॅकेट लहान, आणि डेटातली कंट्रोल अक्षरं (न छापता येणारी, सिस्टिमला हुकूम वाटणारी) तो छापता येणाऱ्या अक्षरांत बदलून पाठवतो, त्यामुळे मधला टर्मिनल ड्रायव्हर (टर्मिनलची अक्षरं हाताळणारा सिस्टिमचा भाग) ती गिळत नाही.

सी-कर्मिटमध्ये, म्हणजे सी भाषेत लिहिलेल्या कर्मिट प्रोग्रॅममध्ये, प्रोटोकॉलचा भाग वेगळा ठेवलाय, तो सहसा जसाच्या तसा चालतो. तुम्हाला मुख्यतः टर्मिनल आणि फायली हाताळणारे भाग लिहायचेत. टर्मिनलचं सोपं: एको (आलेलं अक्षर परत पाठवणं) बंद, एकेक अक्षर वाचणं, टाइमआउट (ठरल्या वेळेत काही आलं नाही तर वाट बघणं थांबवणं). खरा वेळ फायली खातात. अशा सिस्टिमवर फाइल बरेचदा रेकॉर्डांची (लांबी ठरलेल्या तुकड्यांची) असते, ओळीच्या शेवटी न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) नसतेच. म्हणून टेक्स्ट आणि बायनरीचे मार्ग पहिल्यापासून वेगळे ठेवा. बायनरीत रेकॉर्डची लांबी हरवली तर जुने हिशोब परत जुळवणं फार अवघड.

सी-कर्मिटचा सोर्स कोड मशिनच्या आत न्यायला तो टर्मिनलमधून एडिटरमध्ये पेस्ट करा, दर ओळीनंतर थोडं थांबून. पण त्याआधी फक्त फाइल पाठवणारा छोटा प्रोग्रॅम लिहा आणि डेटा बाहेर काढा. जुन्या डिस्कवर विसंबून पूर्ण पोर्टिंगची (सी-कर्मिट या सिस्टिमवर चालतं करण्याची) वाट बघू नका.