ग्रिल-गेटच्या वर्कशॉपसाठी १५०० वॉटचं लेझर क्लीनिंग मशीन घ्यावं का?

तुमचे प्रश्न दोन. लेझरच्या झोताने गंज-रंग उडवणारं हे मशीन घेतलं तर ब्लास्टिंगला, म्हणजे दाबाच्या हवेने कण मारून साफ करायला, माल बाहेर पाठवणं बंद होईल का? आणि विक्रेता म्हणतो तसं, जितके वॉट जास्त तितकं काम चांगलं, हे खरं का? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण याच वाक्यावरून आमच्या घरात भांडण झालंय. हे वाक्य साफ खोटं आहे.

आमचं भोसरीला रबर मोल्डिंगचं काम. ऑइल सील, बुश, ग्रोमेट. प्रेसवर साचा १६०-१७० अंशांना तापलेला असतो आणि माल निघत जाईल तशी त्यावर गंधकाची आणि रिलीज एजंटची (माल साच्याला चिकटू नये म्हणून मारतात त्याची) काळी परत चढत जाते. पूर्वी ती काढायला साचा उतरवा, थंड होऊ द्या, ग्लास बीड, म्हणजे काचेचे बारीक मणी, मारून आणा, परत चढवून तापवा. अख्खी शिफ्ट जायची. लेझरने साचा प्रेसवर गरम असतानाच साफ करता येतो, म्हणून मशीन घ्यायचं ठरलं. मी पल्स्ड, म्हणजे क्षणिक झटके मारणारं, २०० वॉटचं मागत होतो. दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, त्याहून स्वस्तात १५०० वॉटचं कंटिन्युअस, म्हणजे अखंड झोत सोडणारं, मशीन आणलं. साडेसातपट ताकद आणि तीही कमी पैशात, एवढाच त्याचा हिशोब.

काजळी गेली, साचा लख्ख दिसायला लागला. पण कॅव्हिटीच्या, म्हणजे साच्यातल्या खळग्याच्या, कडेला निळसर-जांभळी झाक होती. पार्टिंग लाइनवरून, म्हणजे साच्याचे दोन भाग मिळतात त्या कडेवरून, नख फिरवलं, तर जिथे धार लागायला हवी तिथे ते घसरून जात होतं. पुढच्या लॉटमध्ये सीलच्या ओठावर फ्लॅश, म्हणजे फटीतून बाहेर आलेला रबराचा पापुद्रा. ट्रिमिंगच्या बायका उशिरापर्यंत थांबून ब्लेडने तो पापुद्रा कापत बसल्या, तरी ग्राहकाने लॉट परत पाठवलाच.

दादा आजही म्हणतो की ऑपरेटरचा हात सावकाश फिरला. फिरला असेल. पण हाताच्या वेगावर साच्याची धार टिकणार असेल, तर ते मशीन साच्याचं नव्हेच, आणि हे मी मशीन यायच्या आधीपासून सांगत होतो.

हिशोब करून बघा. २०० वॉटचं पल्स्ड मशीन सेकंदाला २०,००० पल्स मारत असेल, तर एका पल्समध्ये १० मिलिज्यूल ऊर्जा येते. ती १०० नॅनोसेकंदात सोडली की तेवढ्या क्षणापुरती ताकद होते १ लाख वॉट. वरची परत वाफ होऊन उडते आणि खालच्या पोलादात उष्णता जेमतेम मायक्रॉनभर उतरते. तिथे १५०० वॉटचा अखंड झोत तीच परत भाजत भाजत काढतो आणि ती उष्णता आत मुरते. पातळ पत्रा असेल तर वाकतोसुद्धा. म्हणजे क्षणाची ताकद बघितली तर लहान आकड्याचं मशीनच मोठं. दादा, वाचत असशील तर वरचा हिशोब स्वतः करून बघ.

आता तुमच्या गेटचं. जाड अँगल-चॅनेलवरचा गंज काढायला कंटिन्युअस मशीन चालतं, तिथे जरा निळं झालं तरी कुणाचं काही अडत नाही. पण नुसत्या ग्रिलला रेड ऑक्साइड मारून देणार असाल, तर ग्राइंडरला वायर कप लावा आणि पैसे वाचवा. पाइपच्या आतला किंवा दोन पट्ट्यांच्या फटीतला गंज लेझरने निघत नाही. जिथे झोत पोचतो तिथलंच साफ होतं. आणि उघड्यावरच्या स्ट्रक्चरला इपॉक्सी मारायचं असेल, तर त्याला साधारण ४० ते ७५ मायक्रॉनचा खडबडीतपणा लागतो. तो ग्रिट ब्लास्टिंगनेच नीट येतो, त्यामुळे ते काम बाहेर जातच राहील. मात्र तुमचा ब्लास्टिंगवाला अजून कोरडी वाळू वापरत असेल, तर त्याला सोडा. त्या धुळीने पोरांची फुप्फुसं कायमची जातात.

घेतलंच तर हेही लक्षात ठेवा. हा क्लास ४, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्गातला, लेझर आहे आणि झोत डोळ्यांना दिसत नाही. स्टेनलेसच्या पॉलिश पाइपवरून उलटून आला तरी नजर जाऊ शकते. वेल्डिंगची काच इथे कामाची नाही. मशीनच्या तरंगलांबीचा, म्हणजे १०६४ किंवा १०८० नॅनोमीटरचा चष्मा लागतो आणि तो बाजूला उभ्या हेल्परलाही लागतो. जुन्या गेटवर शेंदरी प्रायमर असेल तर त्यात शिसं असू शकतं, पिवळ्या झिंक क्रोमेटमध्ये क्रोमियम असतं. धूर ओढून फिल्टर करणारं युनिट नसेल तर असे रंग जाळू नका.

डेमो विक्रेत्याच्या गंजलेल्या पट्टीवर बघू नका, स्वतःचा पातळ पत्रा आणि धार असलेला तुकडा घेऊन जा. पल्स्ड मशीन दाखवत असेल तर एका पल्सचे मिलिज्यूल विचारा. त्याला फक्त वॉटच सांगता येत असतील तर किमतीची बोलणी सुरू करू नका.