तारण झालं म्हणजे नेमकं काय झालं?

पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. शेजारच्या ख्रिस्ती मावशी त्यांना म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं तारण झालं आणि घराला घरपण आलं." दिवसभर सोनेतारणाची कागदपत्रं बघणाऱ्या ताईंना वाटलं, बिचारीचे दागिने गेले! तर या दोन तारणांचं नातं काय, आणि 'मोक्ष' हा रुळलेला शब्द असताना ख्रिस्ती मंडळी 'तारण' का म्हणतात?

मूळ एकच. संस्कृत 'तॄ' धातू म्हणजे पार जाणं. त्यातून आपलं तरणं, तारणं आणि तारू. 'देव तारी त्याला कोण मारी' यातला 'तारी'ही तोच. पार नेणं ते तारण. कर्ज बुडालं तरी देणाऱ्याचा पैसा जिच्यामुळे तरतो, ती वस्तूही तारणच. 'बुडीत कर्ज' असं आपण म्हणतोच, म्हणून मला ही अर्थाची वाट सरळ वाटते. तेव्हा ताई, तुमचा घोटाळा काही अगदीच वेंधळेपणाचा नव्हता.

आता मोक्ष. हा शब्द उच्चारला की जन्ममरणाचा फेरा सुटल्याचं चित्र उभं राहतं. जीवन्मुक्तीची कल्पना आपल्याकडे आहे, पण "मला मोक्ष मिळाला आणि सोमवारी कामावर गेलो" असं कुणी म्हणणार नाही. "माझं तारण झालं" हे मात्र साक्ष देताना, म्हणजे आपला अनुभव चारचौघांत सांगताना, ख्रिस्ती माणूस सहज भूतकाळात सांगतो, आणि पुढे सोमवारचीच गोष्ट सांगतो: दारू सुटली, भावाशी बोलणं सुरू झालं.

याचा सगळ्यात बोलका दाखला बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, 19व्या अध्यायात आहे. जक्कय हा यरीहोचा मुख्य जकातदार, पैसेवाला आणि बुटका. गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढला. येशू त्याच्याच घरी उतरला, तेव्हा लोक कुरकुरले. जक्कय उभा राहून म्हणाला, माझं अर्धं द्रव्य गरिबांना देतो आणि कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. त्यावर येशूचं उत्तर मराठी बायबलमध्ये असं येतं: "आज या घराला तारण प्राप्त झाले आहे." 'आज' आणि 'घराला' हे दोन शब्द बघा. मरणानंतरची भाषाच नाही; यरीहोतल्या लोकांना आपले पैसे परत मिळणार आहेत!

मूळ ग्रीक क्रियापद 'सोझो' याहून ऐसपैस आहे. बारा वर्षं रक्तस्रावानं पीडलेल्या बाईला येशू म्हणतो, "तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे", आणि पापी म्हणून हिणवलेल्या दुसऱ्या बाईला, "तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे." ग्रीकमध्ये दोन्हीकडे तेच क्रियापद. मराठीला बरं करणं आणि तारणं अशी वाटणी करावी लागली.

गंमत म्हणजे बाजारातला शब्द बायबलमध्ये आहे, फक्त तो तारण नाही, विसार आहे. येशूचा प्रेषित पौल आपल्या पत्रात पवित्र आत्म्याला वतनाचा 'विसार' म्हणतो. सौदा ठरल्यावर आधी हातावर ठेवतात ती रक्कम, बाकीचं पुढे. तारणाचा काही भाग आत्ताच हाती पडतो, हे सांगायला यापेक्षा नेमका शब्द मला तरी सुचत नाही.

'मुक्ती'ही चालतंच. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आपल्या संस्थेला तेच नाव दिलं. रमाबाईंनी स्वतः हिब्रू-ग्रीक शिकून केलेलं मराठी बायबल तिथल्याच छापखान्यात छापलं गेलं. 1924 साली ते पूर्ण बाहेर आलं तेव्हा त्या हयात नव्हत्या. गोव्याच्या कोकणीत तारणाऱ्याला 'सोडवणदार' म्हणतात; पार नेणारा नाही, बंध सोडवणारा.

व्यवहारात घोटाळा टाळायचा तर क्रियापद ऐका. तारण 'ठेवलं' तर पतसंस्था. तारण 'झालं', 'मिळालं', 'पावलं' तर मंडळी, म्हणजे चर्च. तिसरंही एक आहे: फिलिप्पैच्या विश्वासणाऱ्यांना पौल लिहितो, "भीत व कापत आपले तारण साधून घ्या." जे झालंय तेच रोज साधायचंही. ताईंनी प्रश्नाच्या शेवटी लिहिलंय की मावशींच्या यजमानांनी गेल्या महिन्यात वाण्याची तीन वर्षांची उधारी स्वतःहून जाऊन फेडली, आणि वाणी वही उघडून बराच वेळ नुसता बघत राहिला.