आई ६५ वर्षांची आहे, रवांडातला गोरिला ट्रेक तिला झेपेल का?

हो, दोन-तीन तास चढउतार चालायची सवय असेल तर झेपेल. वयाची अट खालची आहे, १५ वर्षं, वरची नाही. व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यानात सकाळी किनिगीला, म्हणजे उद्यानाच्या मुख्यालयात, पर्यटकांचे ८-८ जणांचे गट पाडतात आणि प्रत्येक गटाला एक गोरिला कुटुंब ठरवून देतात. तेव्हाच आईचं वय सांगून जवळचं कुटुंब मागून घ्या. पोर्टर मात्र कराच, तो नुसती बॅग उचलत नाही, चिखलात हातही देतो. (पूर्ण बाह्या आणि हातमोजे हवेतच, तिथली खाजरी झुडपं भयंकर!) पण गोरिला एका जागी थांबत नाहीत, त्यामुळे ‘जवळचं’ कुटुंबही लांब जाऊ शकतं. शिवाय सर्दी-खोकला असेल तर १५०० डॉलरचं परमिट हातात असूनही अडवतात. आपला संसर्ग गोरिलांच्या जिवावर बेततो.