वाचकांचे प्रश्न : वाइनच्या प्रदेशात पैसा नेमका कुठे लावावा?

प्रश्न : आम्ही तिघे मित्र फ्रान्समधील बोर्दो परिसरातील एका द्राक्षबागेत भागीदारी घेण्याच्या विचारात आहोत. मध्यस्थ सांगतो की, नावाजलेल्या वाइन प्रदेशातील जमिनीचा भाव कधी उतरत नाही आणि बाग तयार असल्यामुळे उत्पन्न पहिल्याच वर्षापासून हाती येईल. यावर कितपत विसंबावे?

उत्तर : मध्यस्थाची दोन्ही विधाने वेगवेगळी तपासावी लागतील, आणि दोन्ही तपासात टिकणारी नाहीत.

आधी जमिनीचे पाहू. बोर्दो हे एकच नाव असले तरी त्या नावाखाली एकच बाजारभाव नाही. पोइयाकसारख्या गावच्या हद्दीत एका हेक्टरची किंमत दहा लाख युरोच्या पटीत मोजली जाते, तर त्याच जिल्ह्यात आपल्या वाइनवर केवळ ‘बोर्दो’ एवढेच नाव लावण्याचा हक्क असलेली साधी बाग हेक्टरी काही हजार युरोंतही मिळते. या दुसऱ्या प्रकारच्या बागांची अवस्था अशी आहे की, मागणीपेक्षा जास्त झालेले उत्पादन आटोक्यात आणण्यासाठी २०२३ मध्ये वेली उपटून टाकणाऱ्या बागायतदारांना हेक्टरी ६,००० युरो देण्याची योजना तेथे जाहीर करावी लागली. भाव कधी उतरत नाही, हे विधान त्यामुळे काही मोजक्या गावांपुरतेच थोडेफार खरे आहे, आणि त्या गावांतील बागा तीन मित्रांच्या शिलकीतून घेता येण्यासारख्या नाहीत. तुम्हाला दाखवलेली बाग कोणत्या गावच्या हद्दीत आहे आणि तिच्या वाइनवर कोणते नाव छापता येते, हा पहिला प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर गोलमोल आले, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

दुसरी मेख कायद्याची आहे. युरोपीय संघात मोकळी जमीन घेऊन तीत मनाला येईल तेवढ्या वाइन-द्राक्षांच्या वेली लावता येत नाहीत. २०१६ पासून लागवडीसाठी परवानगी घ्यावी लागते आणि कोणत्याही सदस्य देशाला आपले एकूण क्षेत्र वर्षाला एक टक्क्याहून अधिक वाढवता येत नाही. शिवाय फ्रान्समध्ये शेतजमिनीचा व्यवहार ठरला की ‘साफेर’ या संस्थेला त्याची सूचना द्यावी लागते. तिला अग्रक्रयाचा हक्क आहे, म्हणजे ती मधे पडून जमीन स्वतः घेऊ शकते आणि स्थानिक शेतकऱ्याला देऊ शकते. हे नियम तुम्हाला जाचक वाटतील, परंतु जुन्या बागांची किंमत टिकून राहण्यामागे नव्या लागवडीवरची हीच वेसण आहे. इतर देशांत तर बंधन याहून कडक असू शकते. वाइनची परंपरा हजारो वर्षांची सांगणाऱ्या जॉर्जियाने २०१८ पासून परदेशी नागरिकांना शेतजमीन विकत घेण्यास राज्यघटनेतच मनाई केली आहे.

आता पहिल्या वर्षीच्या उत्पन्नाविषयी. नव्याने लावलेली वेल विकण्याजोगे पीक साधारण तिसऱ्या वर्षी देते आणि भरात यायला आणखी दोन-तीन वर्षे लागतात. बाग तयार असेल तर हा काळ वाचतो खरा, परंतु तुमच्या हाती येतात ती द्राक्षे असतात. ती वायनरीला विकली तर पैसा लवकर येतो, पण नफ्याचे प्रमाण तुटपुंजे राहते. वाइन स्वतः करायची ठरवली, तर स्पेनमधील रिओहा प्रदेशाचा नियम पाहावा. तेथे ‘रेसेर्वा’ म्हणून विकायची तांबडी वाइन किमान तीन वर्षे मुरवावी लागते, आणि त्यातले किमान एक वर्ष ती ओकच्या पिंपात असावी लागते. बोर्दोत प्रचलित असलेले पीप २२५ लिटरचे असते आणि त्यातून सुमारे ३०० बाटल्या निघतात. लाकडातून वाइन थोडीथोडी उडून जात असल्याने ते वरचेवर काठोकाठ भरत राहावे लागते, आणि साधारण तीन हंगामांनंतर लाकडाचा स्वाद उतरल्यामुळे नवे पीप घ्यावे लागते. म्हणजे एका वर्षाचा माल विकला जाण्यापूर्वी पुढच्या दोन-तीन वर्षांची छाटणी, फवारणी, तोडणी, पिंपे आणि मजुरी यांचा खर्च तुम्ही उचललेला असतो. या धंद्यात मालक अडचणीत येतात ते बहुधा वाइन वाईट झाल्यामुळे नव्हे, तर खेळते भांडवल मधेच आटल्यामुळे. जमीन घेताना सगळी शिल्लक तिच्यातच घालणे म्हणूनच मला आतबट्ट्याचे वाटते.

निसर्ग आणि राजकारण यांचे धोके यापुढचे. एप्रिल २०२१ मधील काही रात्रींच्या हिमकडाक्याने फ्रान्समधील मोठ्या भागातील कोवळे कोंब करपले. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्यात वणव्यांचा धूर द्राक्षांत मुरला आणि धडधाकट दिसणारे घडही वायनरींनी नाकारले. रशियाने २००६ मध्ये जॉर्जियाच्या वाइनवर बंदी घातली, तेव्हा त्या देशाची सर्वांत मोठी बाजारपेठ एका फटक्यात गेली. ती २०१३ मध्ये पुन्हा उघडली, परंतु एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याचा धोका तोवर सर्वांना कळून चुकला होता. त्यातच जगात वाइन पिणेच कमी होत आहे. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ मधील खप २१.४ कोटी हेक्टोलिटर (एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर) होता आणि तो १९६१ नंतरचा सर्वांत कमी होता. एवढे सगळे ताळेबंदात धरूनही आकडे जुळत असतील तर भागीदारी जरूर करावी, परंतु ती जमिनीच्या हौसेसाठी आहे की उत्पन्नासाठी, हे तिघांनी आधी आपसात ठरवावे.

प्रश्न : बाग न घेता वाइनच्या प्रदेशात दुसरा एखादा व्यवसाय करता येईल का? चाखण्याची खोली, निवास आणि समारंभ असे काही आमच्या डोळ्यांसमोर आहे.

उत्तर : माझ्या मते खरी संधी बागेच्या भोवतालच आहे, फक्त ती तुम्ही पाहता तिथेच असेल असे नाही. शॅम्पेन प्रदेशाचे उदाहरण बोलके आहे. तेथील सुमारे ३४,००० हेक्टर बागांपैकी जवळजवळ नऊ दशांश बागा हजारो लहानमोठ्या बागायतदारांच्या मालकीच्या आहेत, आणि तरीही बाटल्यांच्या विक्रीतील दोन तृतीयांशांहून अधिक वाटा मोठ्या शॅम्पेन-पेढ्यांचा आहे. जमीन एकाची आणि बाजार दुसऱ्याचा, अशी ही विभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बागायतदाराला तेथे द्राक्षांचा भाव चांगला मिळतो हे खरे, पण गिऱ्हाईक पेढीला ओळखते.

या दोहोंच्या मधल्या जागेत लहान भांडवलाला वाव असतो. बाटलीबंदीचेच घ्या. लहान वायनरीला स्वतःचे भरणयंत्र परवडत नाही, कारण ते वर्षातून जेमतेम काही दिवस चालते आणि उरलेले महिने धूळ खात पडते. म्हणून अनेक देशांत हे यंत्र ट्रकवर बसवून बागोबाग फिरवले जाते. ट्रक अंगणात लागतो, टाकीपासून नळी जोडली जाते, एका टोकाने रिकाम्या बाटल्या आत जातात आणि दुसऱ्या टोकाने बूच व लेबल लागलेल्या बाटल्या खोक्यांत भरायला बाहेर येतात. दिवस संपला की ट्रक पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातो. वाइन खपो वा न खपो, ट्रकवाल्याला बाटलीमागे पैसे मिळतात. कलमी रोपांची रोपवाटिका, रस आणि वाइन तपासणारी प्रयोगशाळा, थंड गोदाम, दुसऱ्यांची द्राक्षे घेऊन त्यांच्यासाठी वाइन करून देणारी सामायिक वायनरी, हे सारे त्याच जातीचे धंदे आहेत. ज्या प्रदेशात वायनरी वाढल्या पण या सोयी अजून दूरच्या शहरातून येतात, तो प्रदेश मला नावाजलेल्या प्रदेशापेक्षा अधिक आशादायक वाटतो.

पर्यटनाबाबत मात्र हात राखून पावले टाकावीत. रिओहातील एल्सिएगो गावात मार्केस दे रिस्काल या जुन्या वायनरीने प्रसिद्ध वास्तुरचनाकार फ्रँक गेरी यांच्याकडून आराखडा करवून घेतलेले हॉटेल २००६ मध्ये उघडले आणि ते गाव जगाच्या नकाशावर आले. परंतु तिच्यामागे एकोणिसाव्या शतकापासूनचे नाव होते, हे नक्कल करणारे विसरतात. परवान्यांचा प्रश्न तर त्याहून नाजूक आहे. नापा परगण्याने १९६८ मध्येच बागांची जमीन शेतीसाठी राखून ठेवली, आणि १९९० च्या नियमांनुसार त्यानंतरच्या नव्या वायनरींना आधी वेळ ठरवून आलेल्या पाहुण्यांनाच वाइन चाखायला देता येते. लग्नसमारंभ तेथील बागांतील वायनरींना करताच येत नाहीत. तुमच्या योजनेतील तिसरा भाग ज्या प्रदेशात कायद्याने बंद आहे, तेथे पहिल्या दोन भागांवर सगळा खर्च निघतो का, हे आधी मांडून पाहा. हंगामाबाहेरच्या महिन्यांतील रिकाम्या खोल्याही त्या हिशेबात धरा.

प्रश्न : हे सर्व टाळून केवळ नामांकित वाइनच्या बाटल्या घेऊन ठेवल्या तर?

उत्तर : बहुतांश वाइन काही वर्षांत प्यायची असते. साठवून भाव वाढण्याची शक्यता असलेल्या वाइन फार थोड्या आहेत. त्यांतही बाटलीचा पूर्वेतिहास, म्हणजे ती कोणाकडून आली आणि कोणत्या तापमानात राहिली, हे कागदोपत्री सिद्ध करता आले नाही तर खरेदीदार मिळणे कठीण जाते. बनावट बाटल्यांचा सुळसुळाट हा वेगळाच ताप आहे. बाटली व्याज देत नाही, उलट गोदामाचे भाडे आणि विमा दरवर्षी भरावा लागतो. तरीही घ्यायच्या असतील, तर मान्यताप्राप्त गोदामात तुमच्या स्वतःच्या नावावर, पेटीनिशी नोंद होईल अशाच घ्याव्यात. विकणाऱ्याच्या सामायिक खात्यात नुसता ‘हिस्सा’ मिळत असेल, तर तो व्यवहार करू नये.