गाडीतली न्हाणी

प्रश्न : टेम्पोचा कॅम्पर (आत राहता येईल अशी गाडी) करतोय. ८० बाय ८० सेंमीच्या न्हाणीत टाइल बसवू का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : टाइल नको, फायबर मारा; म्हणजे काचेच्या तंतूंची मॅट रेझिनने (सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवाने) प्लायवर चिकटवा. गाडी हादरली की टाइलच्या फटींतलं भरण, म्हणजे ग्राउट, तडकतं आणि पाणी गुपचूप प्लायमध्ये मुरतं. १२ मिमी मरीन प्लायला (ओलाव्यात टिकणाऱ्या प्लायवूडला) एका कोपऱ्याकडे दोन सेंमी उतार देऊन पाणी जायची जाळी तिथेच बसवा. कोपरे आधी रेझिनच्या पुटीने गोल करा. काटकोनात मॅट नीट वळत नाही, खाली हवा राहते, तिथेच पुढे चीर जाते. मग चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या ग्लास मॅटचे दोन थर, भिंतीवर १० सेंमी चढवून. रेझिन साधारण दोन किलो लागेल. होड्यांना फायबर मारणारा कारागीर तुमच्याकडे मिळेलच. फक्त पावसाळ्यात नको, ओलसर प्लायवर रेझिन धरत नाही. शेवटी जाळी बुजवून २४ तास पाणी तुंबवा आणि खालून हात फिरवून पाहा.