नवऱ्याच्या लैंगिक कलाबद्दल शंका आली, तर काय तपासायचं आणि काय विचारायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्नाला नऊ वर्षं झाली, दोन वर्षांपासून शरीरसंबंध जवळपास बंद आहेत, नवऱ्याच्या टॅबवर पुरुषा-पुरुषांमधल्या संबंधांचे व्हिडिओ दिसले, आणि एका मित्राशी त्याच्या रात्री उशिरापर्यंत गप्पा चालतात. तो गे आहे का, खात्री कशी करायची, फोन उघडून बघू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बहुतेक जणी तिथेच चुकतात. फोन उघडू नका. नैतिकतेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी त्यातून हाती काही लागत नाही. जे सापडतं त्याचे दोन अर्थ निघतात. काहीच सापडलं नाही तर शंका मिटत नाही, नीट लपवलं असेल असंच वाटत राहतं. आणि तो विषय पहिल्यांदा निघेल तेव्हा बोलणं त्याच्याबद्दल न होता तुम्ही फोन का पाहिलात यावर होतं. फोनमध्ये गुपचूप पाळत ठेवणारं ॲप टाकणं तर बऱ्याच देशांत गुन्हा आहे, फोन जोडीदाराचा असला तरी. डेटिंग ॲपवर पुरुषाच्या नावाने खोटं खातं काढून त्याला 'पकडण्याचा' सल्लाही कोणी तरी देईलच. तो अजिबात ऐकू नका. आपला कल लपवून राहणाऱ्या पुरुषांना ब्लॅकमेल करणारे लोक नेमकं हेच करतात.

आता खात्रीबद्दल. लैंगिक कल बाहेरून ओळखायची कोणतीही चाचणी नाही, रक्ताची नाही आणि मानसशास्त्रीयही नाही. कपड्यांची हौस, हळवेपणा, व्यायामशाळेचं वेड, बायकांशी सहज जमणारी मैत्री अशा 'लक्षणांच्या' याद्या फिरत असतात, त्या सरळ कचऱ्यात टाका. त्यांतून फक्त पुरुषाने कसं वागावं याबद्दलच्या यादी लिहिणाऱ्याच्या कल्पना कळतात.

आणखी एक गोष्ट समजून घेतलीत तर पुढचं सोपं जाईल. आकर्षण, वर्तन आणि ओळख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्याला पुरुषांचं आकर्षण असतं पण त्याने कधी काही केलेलं नसतं. दुसरा पुरुषांशी संबंध ठेवतो पण स्वतःला गे म्हणवत नाही. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात 'पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष' असा लांबलचक शब्दप्रयोग रूढ झाला तो याच कारणाने. लैंगिकतेचा अभ्यास करणाऱ्या आल्फ्रेड किन्सी या अमेरिकन संशोधकाने 1948 मध्ये 0 ते 6 अशी सात पायऱ्यांची पट्टी मांडली, कारण माणसं दोन कप्प्यांत बसत नव्हती. फ्रिट्झ क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञाने 1978 मध्ये त्याच्याही पुढे जाऊन आकर्षण, वर्तन, कल्पनारंजन, भावनिक ओढ, स्वतःची ओळख वगैरे सात वेगळे धागे घेतले आणि प्रत्येकाला भूतकाळ, वर्तमान आणि आदर्श असे तीन काळ जोडले. म्हणजे 'गे आहे की नाही' या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर नसण्याचीही शक्यता आहे. तो उभयलैंगिक, म्हणजे पुरुष आणि स्त्रिया दोघांचंही आकर्षण असणारा, असू शकतो. तसं असेल तर तुमच्याबरोबरची सुरुवातीची वर्षं खोटी ठरत नाहीत.

तुमच्याकडे असलेल्या तीन खुणा सारख्या वजनाच्या नाहीत. शरीरसंबंध थांबणं ही सगळ्यांत कमकुवत खूण. मधुमेह, रक्तदाब, नैराश्य, नैराश्यावरच्या एसएसआरआय प्रकारच्या गोळ्या, दारू, थायरॉइड, वाढलेलं प्रोलॅक्टिन किंवा घटलेलं टेस्टोस्टेरॉन (ही दोन्ही हार्मोन्स), झोपेत श्वास अडकण्याचा विकार, लहानपणी झालेले अत्याचार, किंवा नुसती 'या वेळीही जमलं नाही तर' ही धास्ती, यांपैकी कशानेही पुरुष जवळ येणं टाळतो. पहाटे ताठरता येत असेल आणि फक्त जोडीदाराबरोबर येत नसेल, तर शारीरिक आजाराची शक्यता कमी होते. पण तिथून थेट 'म्हणजे पुरुष आवडतात' इथवर उडी मारता येत नाही. काही माणसं अलैंगिक असतात, त्यांना कोणाबद्दलच शारीरिक ओढ वाटत नाही. दोन वर्षांचा खंड असेल तर त्याने डॉक्टरांना दाखवायलाच हवं, कलाचा प्रश्न असो वा नसो: रक्तातली साखर, थायरॉइड, आणि सकाळी लवकर रक्त देऊन केलेली टेस्टोस्टेरॉनची तपासणी, ते कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. मधल्या वयात ताठरतेची अडचण ही कधी कधी हृदयविकाराची आगाऊ सूचना असते, तेव्हा हे टाळू नका.

व्हिडिओ ही मधली खूण. पॉर्न पाहणारा माणूस स्वतःच्या कलाबाहेरचंही बरंच पाहतो, आणि एक-दोन दुवे तर जाहिरातींच्या खिडक्यांतूनही उघडतात. पण वर्षानुवर्षं तोच प्रकार, आणि स्त्रिया असलेलं काहीच नाही, असा नमुना असेल तर त्याला वजन आहे. मित्राशी गप्पा ही खूण म्हणून घेऊच नका. पुरुषांना जवळचा मित्र असणं इतकं दुर्मिळ होत चाललंय की असला की संशय येतो, हे वाईटच. वजन कशाला द्यायचं? न शोधता समोर आलेल्या गोष्टींना: भेटी ठरवल्याच्या स्पष्ट संदेशांना, पुरुषांसाठीच्या डेटिंग ॲपवरच्या चालू खात्याला, न जुळणाऱ्या वेळा आणि खर्चाला. खर्चाकडे मुद्दाम लक्ष द्या. तुमच्या दोघांच्या सामायिक खात्यातून अनोळखी नावांवर पुन्हा पुन्हा रकमा जात असतील तर त्यामागे ब्लॅकमेलही असू शकतं, आणि तसं असेल तर त्याला पहिल्यांदा मदत लागेल, जाब नंतर. सामायिक खात्याचा उतारा पाहायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही.

घरात टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन या जोडीच्या गोळ्या सापडल्या तर घाबरून निष्कर्ष काढू नका. एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्यांत हीच जोडी असते, संपर्कानंतर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायच्या उपचारात असते, आणि एचआयव्हीवरच्या उपचारातही असते. नुसतं टेनोफोव्हिर तर हेपटायटिस बी साठीही देतात.

यावरून तुमच्या तब्येतीकडे येऊ. त्याच्या उत्तराची वाट न पाहता करायची ही एकच गोष्ट आहे. गेल्या काही महिन्यांत तुमचा त्याच्याशी एकदाही असुरक्षित संबंध आला असेल, तर तपासण्या करून घ्या. गर्भनिरोधक गोळ्या किंवा शस्त्रक्रिया यांनी संसर्ग अडत नाही. डॉक्टरांना नवऱ्याच्या कलाबद्दल एक शब्दही सांगायची गरज नाही. "जोडीदाराचे बाहेर संबंध असण्याची शक्यता आहे, लैंगिक संसर्गाच्या सगळ्या तपासण्या हव्यात" एवढं वाक्य पुरतं. हे वाक्य लागतंच, कारण नेहमीच्या आरोग्य तपासणीत यातलं बरंच नसतं. रक्तातून एचआयव्ही, सिफिलिस, हेपटायटिस बी आणि सी. योनीतल्या स्वॅबवरून गोनोरिया आणि क्लॅमिडिया. हा स्वॅब स्वतः घेता येतो. क्लॅमिडियाची बायकांमध्ये बहुतेकदा काहीच लक्षणं नसतात, म्हणून 'मला तर काही त्रास नाही' यावर विसंबू नका. गर्भाशयमुखाची तपासणी राहिली असेल तर तीही उरकून घ्या.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे लवकर केलेल्या तपासणीवर निर्धास्त होणं. प्रयोगशाळेतल्या चौथ्या पिढीच्या (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडं दोन्ही शोधणाऱ्या) एचआयव्ही चाचणीचा निगेटिव्ह निकाल शेवटच्या संपर्कानंतर 45 दिवसांनी खात्रीचा मानतात. बोटातून थेंबभर रक्त घेऊन लगेच निकाल देणाऱ्या चाचणीसाठी 90 दिवस धरा. सिफिलिससाठीही साधारण 12 आठवड्यांनी पुन्हा तपासणी. तोपर्यंत संबंध आलाच तर कंडोम. गर्भवती असाल तर सिफिलिसची तपासणी एक दिवसही लांबवू नका. पेनिसिलिनने तो बरा होतो, पण न कळला तर बाळाला मोठा धोका असतो. त्याने तपासणी केली तर एक बारकावा त्याला माहीत असू द्या: घशातला आणि गुदद्वारातला गोनोरिया-क्लॅमिडिया लघवीच्या तपासणीत दिसत नाही, तिथले स्वॅब वेगळे द्यावे लागतात. आणि एचआयव्ही निघालाच, तरी उपचारांनी विषाणूंची संख्या चाचणीत न दिसण्याइतकी खाली आली आणि तशीच टिकली की लैंगिक संबंधातून तो पसरत नाही.

मग बोलणं. खात्री करायचा खरा मार्ग हा एकच आहे, आणि तोही एका बैठकीत पार पडत नाही. आधी स्वतःला विचारा: चिडल्यावर तो हात उचलतो का, धमक्या देतो का? उत्तर हो असेल तर हा विषय घरात एकटीने काढू नका; आधी सुरक्षित जागा आणि एक विश्वासाचं माणूस हाताशी ठेवा.

तसं नसेल तर मोकळे दीड-दोन तास शोधा. मुलं घरात नकोत, दोघांपैकी कोणी प्यालेलं नको, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाचं मोठं काम नको. बिछान्यात मुळीच नको, नकारानंतर लगेच तर नकोच. जे पाहिलंत ते आणि कसं पाहिलंत ते आधीच सांगून टाका: "मागच्या महिन्यात टॅब उघडला तेव्हा समोर हे व्हिडिओ होते. मी मुद्दाम शोधले नव्हते." पुरावा हातचा राखून त्याला खोटं बोलू द्यायचं आणि मग तोंडावर टाकायचा, हा डाव उलटतो. त्याला सापळा दिसला की दार कायमचं बंद होतं. मग तुमचं म्हणणं: "दोन वर्षं आपण एकमेकांपासून लांब आहोत. कारण काहीही असलं तरी मला ते तुझ्याकडून ऐकायचं आहे. पुरुषांबद्दल आकर्षण हे कारण असेल तर तेही." आणि गप्प बसा. ही शांतता भरून काढायचा मोह फार होतो, तो आवरा. 'तू गे आहेस का?' हा प्रश्न पहिल्याच बैठकीत नको. घाबरलेल्या माणसाचं त्यावरचं उत्तर 'नाही' हेच असतं, आणि त्या 'नाही'वरून कुठल्याच बाजूने काही ठरत नाही. बऱ्याच पुरुषांनी तो प्रश्न स्वतःलाही विचारलेला नसतो.

नकार आला तर वाद घालू नका. दोन-तीन आठवडे जाऊ द्या आणि पुन्हा बोला, पण या वेळी उत्तर मिळेल असे प्रश्न घेऊन: बाहेर कोणाशी शरीरसंबंध आले का, माझ्या आरोग्याला धोका होईल असं काही घडलंय का, डॉक्टरांकडे कधी जाऊ या. या तीन गोष्टी कळायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्याच्या मनात कोण येतं हे सांगायचं की नाही, हे त्याचं त्याने ठरवायचं. ही रेघ स्वतःशी स्पष्ट ठेवलीत तर निम्मी भांडणं टळतात.

त्याने कबूल केलं तर पुढचे काही आठवडे कोणताही मोठा निर्णय नको, कागदावर सही नको, आणि 'मूल झालं की ठीक होईल' तर मुळीच नको. महत्त्वाच्या कागदपत्रांच्या प्रती काढून ठेवणं आणि स्वतःच्या नावावर थोडी रक्कम असणं यात कपट काही नाही. त्याच्या आईवडिलांना, भावंडांना, मित्रांना सांगू नका, रागाच्या भरात तर नाहीच. असं उघड झालेली माणसं जिवाचं बरंवाईट करून घेऊ शकतात. तो मरणाची भाषा बोलू लागला तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. तुम्हाला मात्र गुपित एकटीने वाहायची सक्ती नाही. एक समुपदेशक, किंवा तोंड बंद ठेवणारी एक मैत्रीण, एवढं माणूस हवंच.

'बरं करून देतो' म्हणणाऱ्यांकडे त्याला नेऊ नका. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने 1973 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये. कल बदलता येतो असं सुचवणारा बहुचर्चित अभ्यास ज्यांनी केला, त्या रॉबर्ट स्पिट्झर यांनी 2012 मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. समुपदेशक निवडताना पहिल्या भेटीतच विचारा: "समलैंगिकता बदलता येते असं तुम्ही मानता का?" उत्तर 'हो' किंवा गुळमुळीत आलं तर उठा.

पुढे काही जोडपी वेगळी होतात, काही मुलांसाठी किंवा सोबतीसाठी एका घरात राहतात, काही उभयलैंगिक नवरे बायकोशी एकनिष्ठ राहून संसार करतात, काही दोघं मिळून नवे नियम ठरवतात. टिकणं न टिकणं बरंचसं यावर असतं की ठरलेलं पाळलं जातं का, आणि त्यात तुमची शारीरिक भूक मोजली गेली आहे का. 'तुला सोडून जात नाही ना, मग झालं' ही तडजोड नव्हे. मुलांना सांगायचं ते तुमचं दोघांचं ठरल्यावर, त्यांच्या वयाला झेपेल तेवढंच. शरीरसंबंधांचे तपशील कुठल्याच वयाच्या मुलाला नकोत.

आरशासमोर उभं राहून 'मी आकर्षक राहिले नाही का' हा प्रश्नही तुम्ही स्वतःला विचारला असणारच. त्याचा कल पुरुषांकडे असेल, तर तुमचं वजन, वय, रंग यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. दुराव्याचं मूळ मधुमेहात निघालं तरी नाही. आधी तुमची तपासणी या आठवड्यात करून घ्या. बोलण्याचा दिवस त्यानंतर ठरवा.