समुद्राखाली गेलेल्या आदिमानवाच्या काळातल्या जमिनीवर संशोधन कसं करतात? नाशिकसारख्या ठिकाणी राहणाऱ्याने या क्षेत्रात यावं का?

"नाशिकसारख्या ठिकाणी" हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण नाशिकच्या माणसाला समुद्राशी काय घेणंदेणं हे मी आमच्या मामांकडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय.

मी जिऑलॉजीत एमएस्सी करून ऑफशोअर सर्व्हेत लागलो. समुद्रात पाइपलाइन टाकायच्या आधी तळ कसा आहे ते बघायचं काम. सबबॉटम प्रोफाइलर नावाचं यंत्र आवाजाचे पल्स खाली सोडतं, काही तळावरून परत येतात, काही चिखलात शिरून खालच्या थरांवरून येतात, आणि स्क्रीनवर तळाचा उभा छेद सरकत जातो. मुंबईच्या पश्चिमेला एका रात्रपाळीत वर तळ एकदम सपाट होता आणि खाली अचानक थर तुटले. एक काठ उभा, दुसरा हळूहळू उतरत गेलेला, मधल्या खोलगट भागात बारीक आडवे थर भरलेले. नदीचं पात्र, तेही वळणावरचं! बोट वळून पुढच्या लाइनवर आली तर थोडं सरकून परत तेच. मी ओरडलोच. पार्टी चीफ, म्हणजे सर्व्हेचे प्रमुख, आले, लॉगमध्ये "चॅनल" लिहायला सांगितलं, पाइपलाइनला अडचण नाही म्हणाले आणि विषय संपला. तो डेटा आजही कंपनीच्या कुठल्यातरी हार्ड डिस्कवर पडून असेल, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

सुट्टीत घरी आल्यावर मामांना ते वहीत काढून दाखवलं तर म्हणाले, यात भिंती कुठायत? त्यांच्या डोक्यात खंबातचं आखात. 2001 साली एनआयओटीच्या (राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या) सर्व्हेनंतर तिथे बुडालेलं शहर सापडल्याची घोषणा झाली होती आणि 9500 वर्षांचा आकडा गाजला होता. तो आकडा तळावरून ओढून काढलेल्या लाकडाच्या तुकड्याचा. त्या आखातात भरती-ओहोटीचा जोर एवढा भयंकर आहे की कुठलं लाकूड कुठून वाहत आलं कोण सांगणार? मूळ कुठल्या थरातली हे माहीत नसताना तळावरून उपसलेली वस्तू माझ्या लेखी पुरावाच नाही, मग ती कितीही जुनी असो.

आणि नाशिकचा संबंध कसा नाही? गोदावरी पूर्वेला गेली म्हणून आपण समुद्राकडे पाठ करून बसतो, पण वैतरणा त्र्यंबकच्याच डोंगरात उगम पावून अरबी समुद्राला मिळते. साधारण 20,000 वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होता. मुंबईसमोरचा उथळ तळ जवळपास 300 किलोमीटर रुंद आहे आणि त्यातला बराचसा तेव्हा कोरडा होता, म्हणजे वैतरणा विरारपाशी संपतच नव्हती. गंगापूरपाशी गोदेकाठी पुरातत्त्वज्ञ सांकलियांना अश्मयुगातली हत्यारं मिळाली, मग पुढच्या काळातली माणसं घाट उतरून त्या मैदानात गेलीच नसतील असं कसं म्हणायचं?

युरोपात उत्तर समुद्रात 1931 साली एका ट्रॉलरच्या (मासेमारी बोटीच्या) जाळ्यात पीटचा, म्हणजे दलदलीत कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा, गोळा आला आणि त्यात शिंगाचं काटेरी हत्यार निघालं. त्या बुडालेल्या प्रदेशाला आता डॉगरलँड म्हणतात. पुढे पुरातत्त्वज्ञ व्हिन्स गॅफनींच्या टीमने तेलासाठी केलेल्या सर्व्हेचा सिस्मिक डेटा (तळाखालच्या थरांवरून परतलेल्या लहरींच्या नोंदी) मिळवून तिथल्या नद्या, टेकड्यांचा नकाशा काढला. आपल्याकडे असा डेटा गोळा होतो आणि कपाटात जातो. सगळ्यात आधी तो संशोधकांना मिळायला हवा, डायव्हर नंतर पाठवा.

तर पद्धत अशी की आधी नकाशा, मग योग्य जागी व्हायब्रोकोअर मारून, म्हणजे थरथरणारी पोकळ नळी तळात घुसवून, थरांसकट गाळाचा नमुना (कोअर) काढायचा, त्यातले परागकण, शिंपले बघायचे, कार्बन डेटिंग करायचं. गोड्या पाण्याच्या गाळावर खाऱ्याचा गाळ कुठे बसला ते कळलं की समुद्र कधी आत आला ते कळतं. जिऑलॉजी पक्की करून या, मग पुण्याचं डेक्कन कॉलेज किंवा गोव्याची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था). घरचे भिंती कुठायत विचारायला लागले तर मुंबईचं प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलात मुळांसकट उभी खैराची झाडं सापडली होती ते सांगा. मामांना अजून पटलेलं नाही, पण मी सांगायचं सोडत नाही.

हां, ती झाडं समुद्र चढल्यामुळे बुडाली की जमीन खचल्यामुळे हा वेगळा वाद आहे. आणि मी पाहिलेलं पात्र वैतरणेचंच असा माझा दावा नाही, कोअरशिवाय ते 20,000 वर्षांपूर्वीचं की त्याहून कितीतरी जुनं हेही ठरत नाही. शिवाय बोटीचं भाडं एवढं असतं की एकट्या विद्यार्थ्याला हे जमत नाही, कुठल्यातरी संस्थेच्या प्रोजेक्टमध्ये घुसावंच लागतं.